रूपसिंग नायकांचं रिव्हॉल्व्हर

जुनं रिव्हॉल्व्हर तपासायला हातात आलं की मी ते आधी नाकाशी नेत असे. बघणारे हसत. पण त्या वासातून अर्धं घर कळायचं. खोबरेल तेलाचा वास आला तर समजावं, घरातल्या बाईनं ते देवघरातल्या समईसारखं वेळच्या वेळी पुसलेलं आहे. रॉकेलचा भपकारा आला तर मालक वर्षभर विसरला होता आणि तपासणीची नोटीस आल्यावर घाईघाईनं बुडवून घेऊन आला आहे. दारव्ह्याकडच्या एका देशमुखांच्या रिव्हॉल्व्हरला मात्र साजूक तुपाचा वास आला.

"पणजोबापासून तुपाच्या बरणीतच ठेवतो," देशमुख म्हणाले. "जंग म्हणून चढत नाही."

"तूप बदलता की नाही?"

"दर दिवाळीले."

"आणि जुनं तूप?"

देशमुखांना माझा प्रश्नच कळला नाही. "वाया थोडंच घालवतो, मिस्त्री? गड्याईच्या पोळीवर जाते."

तेवढं निरोगी रिव्हॉल्व्हर मी सबंध नोकरीत दुसरं पाहिलं नाही. गड्यांच्या तब्येतीची चौकशी करणं माझ्या कामात येत नव्हतं.

यवतमाळच्या पोलिस मुख्यालयात मी आर्मरर होतो, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा आणि तपासणारा. सगळे मला मिस्त्रीच म्हणत. जबलपूरला लष्कराच्या वर्कशॉपमध्ये काम शिकलो आणि छप्पन सालच्या आधी इकडे आलो. तेव्हा आम्ही मध्यप्रदेशात होतो. मग मुंबई राज्यात गेलो, मग महाराष्ट्र झाला. टोपीवरचा बिल्ला बदलत गेला, अर्जाची भाषा बदलत गेली, माझं टेबल आणि हत्यार पकडायचा माझा शिकंजा जागेवरून हलले नाहीत. पोलिसांच्या बंदुका हे माझं रोजचं काम. पण हिवाळ्यात तालुक्यातालुक्याला शिबिर लागे आणि परवानेवाले लोक आपापली हत्यारं घेऊन येत. ते काम मला मनापासून आवडायचं, कारण सरकारी बंदुका सगळ्या सारख्या असतात आणि लोकांच्या घरातलं एकही हत्यार दुसऱ्यासारखं नसतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, रिव्हॉल्व्हर तपासणं म्हणजे गोळी झाडून बघणं. झाडायची वेळ सगळ्यांत शेवटी येते, आणि बहुतेक वेळा येतच नाही. आधी गोळ्यांचं चक्र रिकामं आहे ना हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. मालक शपथेवर सांगत असला तरी बघायचं. मग शिक्के. परदेशात बंदूक विकायला काढण्याआधी तिची परीक्षा घेतात. नेहमीपेक्षा जास्त दारू भरून ती झाडतात आणि फुटली नाही तर नळीवर आणि चक्रावर बारीक ठसा मारतात. कुठे मुकुट, कुठे नुसती अक्षरं, कुठे चांदणी. त्यावरून ती कोणत्या देशात परीक्षेला बसली, साधारण कोणत्या काळात, आणि मुख्य म्हणजे कोणत्या दारूवर, हे कळतं. जुनी हत्यारं काळ्या बारुदीवर पारखलेली असत. ती बारूद धूर फार करते, पण तिचा जोर बेताचा. पुढे बिनधुराची दारू आली. ती भलतीच जोरकस. काळ्या बारुदीच्या हत्यारात नवं काडतूस घातलं तर ते एकदा झाडेल, दहादा झाडेल, आणि एक दिवस हातात फुटेल. म्हणून शिक्का वाचायचा. मालकाला तो नक्षी वाटतो.

शिक्क्यानंतर प्रकृती. नळीत गंजाचे खड्डे आहेत का, चक्र डुगडुगतं का, आणि घोडा. घोडा मागे ओढला की तो आत एका बारीक खाचेत अडकून उभा राहतो. चाप दाबला की खाचेतून सुटतो आणि काडतुसावर आपटतो. ती खाच नखाच्या टोकाएवढीही नसते. पण सगळा भरवसा तिच्यावर. ती झिजली की घोडा कधी सुटेल याचा नेम नाही. चाप दाबायची गरज राहत नाही.

हे सगळं सांगितलं, कारण पुढे जे घडलं ते या खाचेवरून घडलं.

नवा शस्त्र कायदा लागू झाल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यातली गोष्ट. पांढरकवड्याला तहसील कचेरीच्या व्हरांड्यात शिबिर होतं. त्या वर्षी जुन्या हत्यारांबाबत हुकूम कडक होते. जे वापरायला धोक्याचं असेल ते मालकानं सरकारजमा करावं, नाहीतर निकामी करून नुसती आठवण म्हणून घरी ठेवावं. मधला रस्ता नव्हता. माझ्या शेजारच्या टेबलावर एस.डी.ओ. साहेब स्वतः बसले होते. तरुण होते, नव्यानेच बदलून आलेले. चांगला माणूस. नाव सांगत नाही, कारण त्यांचंही काही चुकलं असं मला आजवर म्हणता आलेलं नाही.

दुपारकडे झरीच्या बाजूचे दहाबारा लोक आले. डोक्याला पागोटी, पायांत धुळीनं पांढरे झालेले जोडे. गोर बंजाऱ्यांचा तांडा होता त्यांचा. आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून हैदराबादेपर्यंत नेत असत. आता सगळे कापूस-तुरीची शेती करीत. पुढे त्यांचे नायक, रूपसिंग. साठी उलटलेला, सडपातळ, ताठ माणूस. त्यांनी लाल कापडाची घडी माझ्यापुढे ठेवली आणि उघडण्याआधी तिला हात जोडले.

मीही नकळत सावरून बसलो.

आत रिव्हॉल्व्हर होतं. जुनं, जड, मुठीचं लाकूड हात लागून लागून गुळगुळीत झालेलं. वास तिळाच्या तेलाचा आणि थोडा कुंकवाचा. चक्रावर लंबगोलात तीन अक्षरं आणि खाली चांदणी, म्हणजे बेल्जियमचा परीक्षेचा ठसा. बिनधुराच्या दारूचा वेगळा शिक्का असतो, तो कुठेच नव्हता. नायक वाकून माझ्या बोटाकडे बघत होते.

"तो याडीचा डोळा हाय," ते म्हणाले. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई, इथे देवी. "आमचा आजा सांगे. निजामाच्या फौजेले धान्य पोचवलं, तवा तिथल्या सरदारानं खूश होऊन देल्लं. डोळा पाहूनच त्यानं घेतलं."

खोटं बोलायचा माझा स्वभाव नाही आणि त्यांना दुखवायचीही इच्छा नव्हती. मी म्हणालो, "नायक, बेल्जम म्हणून एक देश आहे. तिथे याची परीक्षा झाली. पास झालं, म्हणून हा ठसा मारला."

मला वाटलं होतं त्यांचा चेहरा उतरेल. ते उलट खुलले. मागे वळून आपल्या माणसांना म्हणाले, "आयकलं का रे? त्याची सोताची परीक्षा झालेली हाय. म्हून तं ते दुसऱ्याची घेते."

"दुसऱ्याची म्हणजे?"

मग त्यांनी सांगितलं, आणि अगदी मोकळेपणानं सांगितलं. तांड्याची पंचायत बसते, तिला ते नसाब म्हणत. दोघांचं भांडण असलं, साक्षीदार नसला, तर हे मधे ठेवायचं. नायक त्यात एक काडतूस भरून घोडा चढवतो. जो आरोप नाकारतो त्यानं नळीच्या तोंडावर तळहात टेकवायचा आणि बोलायचं. बोलून हात काढला की त्याचा शब्द खरा. पुढे कोणी काही म्हणायचं नाही.

"आजाच्या वक्ताले एकानं खोटं बोलून हात ठेवलता," नायक म्हणाले. "तीन बोटं गेली त्याची. तवापासून खोटं बोलून कोणी ठेवला नाइ. माह्या वक्ताले तं काडतूस भराची पाळीच येत नाइ. लाल कापड उघडलं का माणूस आधीच कबूल होते."

शेजारच्या टेबलावर साहेबांची लेखणी थांबली होती.

मी घोडा चढवला आणि टेबलाच्या कडेवर मुठीनं हलकेच टिचकी दिली. घोडा खाडकन पडला. पुन्हा चढवला, नळीचं तोंड नुसतं अंगठ्यानं दाबलं, पुन्हा पडला. आतली खाच झिजून बोथट झाली होती. म्हणजे आज्याच्या काळात काय झालं ते मला तिथं बसल्याबसल्या दिसलं. खोटं बोलणारा घाबरला असेल. तळहात थरथरला, नळीला धक्का बसला, घोडा सुटला. खरं बोलणारा हात स्थिर ठेवतो, म्हणून वाचतो. सगळा न्याय त्या नखाएवढ्या खाचेवर चालला होता, आणि गंमत म्हणजे बरेच वेळा तो बरोबरही ठरत असणार.

पण खरं बोलणारं माणूस भित्रं असलं तर?

हे मी नायकांना समजावून सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तुमी सांगता तसंच असंल, मिस्त्री. पण हात कोन थरथरवते?"

मी रिव्हॉल्व्हर कापडावर ठेवलं.

साहेब उठून आमच्या टेबलापाशी आले. त्यांनी रिव्हॉल्व्हर हातात घेतलं, मी केलं तसंच करून पाहिलं आणि ते फिक्के पडले. "भरलेलं, घोडा चढवलेलं, आणि माणसाचा हात तोंडावर? नायक, हे आजपासून बंद. जमा करा."

जमा करायला नायक तयार नव्हते. त्यांच्या मागचे लोक कुजबुजू लागले. मग दुसरा मार्ग राहिला, निकामी करून परत द्यायचं. साहेब म्हणाले, नळीचं तोंड बुजवून टाका.

नायकांनी माझा हात धरला. "मिस्त्री, कराचं ते आतून करा. तोंड नका बुजवू. आटलेली गाय बी दावणीले गायच दिसते. बाहेरून तसंच राहू द्या."

ते होण्यासारखं होतं. घोड्याचं नाक घासून टाकलं की तो काडतुसाला टोचू शकत नाही. हत्यार मेलं, पण बाहेरून काही कळत नाही. मी साहेबांना बाजूला घेऊन तसं सुचवलं. एकदा नाही, दोनदा.

साहेबांनी ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, "माझ्या आधीच्या तालुक्यात असंच एक आतून निकामी केलेलं होतं. कुण्या लोहारानं दुसरा घोडा बसवून दिला. घरच्या पोराच्या हातात फुटलं. दोन्ही डोळे गेले त्याचे. मी पंचनाम्याला गेलो होतो, मिस्त्री. तोंड बुजवा."

त्यांच्या जागी मीही तेच म्हणालो असतो.

कचेरीच्या आवारात कडुनिंबाखाली मी सामान मांडलं. नळीत आडवं छिद्र पाडून पोलादी खिळा ठोकायचा आणि वरून तोंडापर्यंत वितळलेलं शिसं ओतायचं, असं ते काम. तांड्यातले सगळे गोल करून उभे होते. हरचंद नावाचा एक उंच, हसतमुख माणूस पुढे झाला. नायकांच्याच भावकीतला. त्यानं स्टोला पंप मारला, शिशाची पळी धरली, कुठे काय लागेल ते बरोबर ओळखून हाताशी दिलं. असा मदतनीस मिळाला की मला बरं वाटायचं. शिसं थंड झाल्यावर मी कानस फिरवून तोंड साफ सपाट केलं. काम सुबक झालं होतं.

"आता यातून काइच निंगनार नाइ ना, मिस्त्री?" हरचंदनं विचारलं.

"काही नाही," मी कौतुकानं म्हणालो. "ब्रह्मदेव आला तरी नाही."

नायक थोडे दूर, पाठ करून उभे होते. मी लाल कापडात गुंडाळून दिलं तेव्हा त्यांनी ते घेतलं, पण हात जोडले नाहीत.

त्यानंतर वर्षभर मी त्यांना विसरलो, असंच म्हटलं पाहिजे. निकामी हत्यार पुन्हा तपासणीला येत नाही. पुढच्या हिवाळ्यात मी जीपमधून पांढरकवड्याकडे चाललो होतो. केळापूरच्या अलीकडे हमरस्त्याचं काम सुरू होतं, ट्रकांची रांग लागली होती. आमची जीप थांबली. रस्त्याच्या कडेला बाया खडी फोडत बसल्या होत्या. त्यांतली एक उठून माझ्याकडे आली. आरशांची काचोळी, हातांत कोपरापर्यंत बंजारा बायांचे चुडे नव्हते, म्हणजे विधवा. तिशीची असेल.

"तुमी पांढरकवड्याचे पिस्तूलवाले मिस्त्री ना?" तिनं विचारलं. "मी पाह्यलतं तुमाले. आमच्या नायकाचं तोंड बुजवलं, तवा मी बजाराले आलती."

ती नायकाचं म्हणाली, पिस्तुलाचं नाही. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

तिचं नाव गोमलीबाई. ट्रक सुटेपर्यंत ती बोलली, आणि मी जीपमधून उतरून ऐकलं. हरचंद तिचा थोरला दीर. त्यानं आणि तिच्या नवऱ्यानं, भावसिंगनं, मिळून रान तोडून एक वावर काढलं होतं. कागद थोरल्याच्या नावावर झाला. पण अर्धं धाकट्याचं, असा शब्द दोघा भावांनी विहिरीवर बसून एकमेकांना दिला होता. ऐकणारी तिसरी ती एकटी. भावसिंग तापानं गेला. त्यानंतरही हरचंद घरात अर्धं वावर भावाचंच म्हणे. शिबिराहून परत आल्यावर दोन महिन्यांनी त्यानं तिला बांधावरून हाकललं. म्हणाला, भाऊ मदतीले येत होता, शब्द-बिब्द काही नव्हता.

"मग नसाब बसली?"

"बसली ना. नायकानं लाल कापड उघडलं. लोकाईले वाटलं, आता हा कबूल होते. हरचंद हसून राह्यलता. हसत हसतच त्यानं त्या शिशावर पंजा ठेवला. म्हणे, मी भावाले शब्द देल्ला नाइ. अन् हात काढून सगळ्याईले दाखवला. पाहा म्हणे, पाचही हायेत."

"आणि नायक?"

"नायक काय करंल? रीत तं त्याचीच. ज्यानं हात ठेवला त्याचा शब्द खरा. त्यानं फैसला देल्ला." तिनं हातावरची खडीची धूळ झटकली. "मंग नायक माह्या घरी आला. सोताच्या वावरातला तुकडा देतो म्हणे. मी नाइ घेतला. मले भीक नाइ पायजे, दादा. मले माह्यं पायजे होतं."

मी तिला म्हणालो, कोर्टात जा, मी वकील बघून देतो. मी खरंच पांढरकवड्याला एका ओळखीच्या वकिलाकडे गेलो. त्यांनी एकच विचारलं, कागदावर नाव कोणाचं? मग हात पसरले. एस.डी.ओ. साहेबांची बदली झाली होती. त्यांच्या जागी आलेल्यांना मी हे सांगायला लागलो तर त्यांना वाटलं, मी कुठल्या तरी जादूटोण्याची तक्रार घेऊन आलो आहे. परत येताना केळापूरला थांबलो, पण खडी फोडणारी टोळी पुढे सरकली होती. हैदराबादच्या रस्त्यानं गेली म्हणाले.

हरचंदला काही झालं नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण वाचणाऱ्याला वाटत असेल की पुढे त्याला साप चावला किंवा वीज पडली. तांड्यातल्या लोकांनाही तसंच वाटत होतं. वर्षभर ते त्याच्या हाताकडे बघत होते. त्याचा कापूस उत्तम झाला. त्यानं पोरीचं लग्न थाटात केलं. वर्ष संपलं तसं लोकांनी बघणं सोडलं, आणि मग एकेक जण नसाबीत येऊन हात ठेवू लागला. कोणी बैल नाकारला, कोणी बांध सरकवला. हात ठेवायचा, हसायचं, मोकळं व्हायचं.

हे मला नायकांनीच सांगितलं. ते त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात यवतमाळला आले. एकटे आले होते. शस्त्रागाराच्या दारात उभे राहून त्यांनी "राम राम, मिस्त्री" म्हटलं तेव्हा मी त्यांना ओळखलं नाही, इतके खंगले होते. डोक्याला पागोटं नव्हतं, साधा गमछा बांधलेला.

"नायक, या. बसा."

"आता नायक नाइ मी. सोडलं." त्यांनी लाल कापडाची घडी माझ्या टेबलावर ठेवली. "हे घ्या. सरकारात जमा करा. त्या दिवशीच कराले पायजे होतं."

मी पाणी दिलं, चहा मागवला. सरकारजमा करायचे कागद तयार करताना मला त्यांच्याकडे वर बघवेना. नियमाप्रमाणे पुन्हा ठसा बघायचा, प्रकृती लिहायची. मी ते सगळं केलं. आत घोडा होता तसाच होता, ती बोथट खाच होती तशीच होती. शिशाच्या सपाट तोंडावर मात्र चमक आली होती. तळहात लागून लागून.

त्यांनी चहाचा घोट घेतला. मग म्हणाले, "मिस्त्री, एक इचारतो. तुमाले यातलं समजते, म्हून इचारतो. त्या दिवशी हे जित्तं असतं, तं हरचंदचा हात उडाला असता का?"

या प्रश्नाची भीती मला केळापूरच्या रस्त्यापासून वाटत होती. किती रात्री मी स्वतःला तेच विचारलं होतं. हो म्हणालो असतो तर तो त्या माणसाच्या काळजावर घाव झाला असता. नाही म्हणालो असतो तर त्यांचा आजा, त्याचा काळ, सगळंच खोटं पडलं असतं. पण विचारणारा खरं ऐकायला आला होता.

"नायक," मी म्हणालो, "हरचंद घाबरणारा माणूस नाही. त्याचा हात थरथरला नसता. कदाचित काही झालं नसतं. आणि गोमलीबाईनं ठेवला असता तर तिचा थरथरला असता. बाईमाणूस, तोंडाशी भरलेलं पिस्तूल. तिची बोटं गेली असती. खाचेला खरं-खोटं कळत नाही."

मला वाटलं होतं, याने त्यांना थोडा आराम पडेल. जे गेलं ते तसंही काही खरं नव्हतं, असं वाटून. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"ते तं मले तवाच समजलं, तुमी टेबलावर वाजवून दाखवलं तवा," ते म्हणाले. "मी येडा नाइ, मिस्त्री. पण तुमाले एक गोष्ट मालूम नाइ. हरचंदनं हात काढल्यावर गोमली पुढं आली. मले म्हणे, नायक, यात शिसं हाय, म्हून हा हसून राह्यला. ह्याले बाजूले ठेवा. चौकीतल्या जमादाराची भरलेली बंदूक आना. तिच्या तोंडावर मी हात ठेवते अन् बोलते."

"मग?"

"मी म्हटलं, रीत पुरी झाली. ज्यानं नाकारलं त्यानंच ठेवाचा असते. तू बस." ते अगदी सरळ बोलत होते. "भरलेल्या बंदुकीवर हात ठेवाले तयार झालती, मिस्त्री. अख्ख्या नसाबीत ती एकटी. आनखी काय पुरावा पायजे होता मले? पण मी लाल कापडातल्या त्या लोखंडाकडं पाहत राह्यलो. तिच्या तोंडाकडं पाह्यलंच नाइ."

मी कागद पुढे केला. त्यांनी अंगठा उमटवला, गमछ्याला शाई पुसली आणि उठले. मी फाटकापर्यंत सोडायला गेलो. गोमलीबाईचा काही पत्ता लागला का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. हैदराबादच्या रस्त्यानं गेली एवढंच कळलं, हे सांगितलं.

"मले बी तेवढंच कळलं," ते म्हणाले. "म्हून निंगालो हाय. रस्त्याची टोळी कुठं ना कुठं सापडलच."

पांढरकवड्याची मोटार उभी होती. ते तिच्यात चढले. पुढे त्यांना ती सापडली की नाही, मला कधीच कळलं नाही.